हरभऱ्याएवढा गंज

मोटरीच्या डाव्या दारावर, कडीच्या जरा खाली, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक तांबूस डाग होता. तो नखाने खरवडून पाहण्याची बुद्धी मला झाली नसती, तर पुढचे तीन महिने मी नेहमीप्रमाणे ओटीवर पुस्तक वाचत बसलो असतो आणि गावात माझे नाव कुणाच्या तोंडी आले नसते. मला तेच बरे वाटते. पण मी खरवडले. डाग गेला, आणि त्याच्यामागोमाग माझे बोटही गेले. ते दाराच्या आत पहिल्या पेऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच अडकले.

यंत्रांच्या बाबतीत मी अगदी अडाणी माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बत्तीस वर्षे मी कोर्टात निकालांच्या नकला करण्याचे काम केले. दुसऱ्याने लिहिलेले जसेच्या तसे उतरवायचे, एका काना-मात्रेचाही फरक पडू द्यायचा नाही, आणि खाली ‘खरी नक्कल’ असे लिहून सही ठोकायची. स्वतःचे असे वाक्य मी त्या बत्तीस वर्षांत लिहिले नाही. त्यामुळे आता हे लिहितानाही आपण कुणाची तरी नक्कल करत आहोत की काय, अशी शंका मधूनमधून येते. असो.

मोटर माझ्याकडे आली ती पुस्तकांमुळे. आमच्या आळीतले एक नामांकित वकील वारले. त्यांच्या मुंबईच्या चिरंजिवांनी वडिलांच्या ग्रंथसंग्रहाची यादी करून देण्याचे काम मला सांगितले. यादी झाली. मी मोबदला नको म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, निदान वडिलांची आठवण म्हणून घरातली एखादी वस्तू घेऊन जा. आता माझा डोळा त्या संग्रहातल्या एका जुन्या शब्दकोशाच्या आठ खंडांवर होता. मागायचे कसे ते वाक्यही मी घरी तीनदा म्हणून पाहिले होते. पण सांगायच्या वेळी माझी नजर खिडकीतून बाहेर गेली. तिथे छपराखाली वकीलसाहेबांची जुनी मोटर उभी होती, आणि माझ्या तोंडून निघाले, “ती मोटर द्याल का?”

असे का झाले, ते सांगायला हवे. माझ्या पत्नीची, म्हणजे राहीची, थोरली बहीण गणपतीपुळ्याला असते. तिला सगळे अक्का म्हणतात. मोतीबिंदूने अक्कांची दृष्टी गेली, म्हणून त्यांना घराबाहेर पडवत नाही. राही सात वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडली, तेव्हापासून तिच्या कमरेला बैलगाडीचा एक हिसकाही सोसत नाही. सर्व्हिस मोटरीत माणसे पोत्यांसारखी भरतात, आणि ती मोटर अक्कांच्या गावापर्यंत जातही नाही. म्हणजे एका दिवसाच्या वाटेवर असूनही दोघी बहिणी सात वर्षांत एकमेकींना भेटल्या नव्हत्या. अक्का कुणाकडून तरी पत्र लिहवून घेत, राही मला उत्तर सांगे. प्रत्येक पत्राच्या शेवटी तिचे एकच वाक्य असे, ‘मी लवकरच येते.’ ते वाक्य मी सात वर्षे स्वच्छ अक्षरात लिहीत होतो. ज्याने जन्मभर ‘खरी नक्कल’ असे लिहून सही केली, त्याच्या हाताला ते जड जात असे. तेव्हा माघी चतुर्थीच्या उत्सवाला राहीला मोटरीतून अक्कांच्या दारात नेऊन उतरवायचे, असे मी मनाशी ठरवले. बोललो मात्र कुणाजवळ नाही. न बोललेली गोष्ट फसली तर निदान हसे होत नाही. मोटरीच्या बाबतीत हा हिशेब चुकला, कारण मोटर झाकून ठेवता येत नाही.

आमचा गोठा रिकामाच होता. उतारावरून ढकलत मोटर तिथे आणली. दिसायला ती काळीभोर, तुकतुकीत आणि खानदानी होती. कुठेकुठे तांबूस छटा होती, पण रत्नागिरीत तांबड्या रंगाकडे कोण लक्ष देतो? रस्ता तांबडा, भिंतीचा चिरा तांबडा, अंगणातली धूळ तांबडी, पावसाळ्यात धोतराचा सोगासुद्धा तांबडा. आपल्याकडे गंजाला लपायला एवढी जागा आहे, हे मला बोट अडकेपर्यंत सुचले नव्हते.

बोट सोडवायला शेजारचे सखाराम आले. सखारामनी उभा जन्म आगबोटीवर खलाशी म्हणून काढलेला. लोखंडातले आपल्याला सगळे कळते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोडून काढण्याइतके मला काहीच कळत नाही. त्यांनी खोबरेल तेल ओतून माझे बोट बाहेर काढले, भोकातून आत पाहिले आणि गंभीरपणे सांगितले की गंज वरवरचा आहे, माशाचे तेल चोपडा आणि आठ दिवस विसरून जा. त्यांच्या पत्नी गंगुबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या की तेल-बिल काही नको, आमसूल लावा. तांब्याचे हंडे आमसुलाने लख्ख होतात, समया होतात, देव होतात. मग मोटर काय देवापेक्षा मोठी लागून गेली? राहीने मोटरीकडे पाहिले. तिला अजून माझा बेत ठाऊक नव्हता. ती एवढेच म्हणाली की घरात मागल्या उन्हाळ्यातले आमसूल बरेच उरले आहे.

या ठिकाणी घरचा कर्ता पुरुष म्हणून मी काही बोलायला हवे होते. आम्ल आणि लोखंड यांचे काय नाते असते, हे मी कुठेतरी वाचलेलेही होते. पण ते नक्की कुठल्या पुस्तकात वाचले ते आठवेना, आणि आधार दाखवता येत नसेल तर विधान करू नये, अशी माझी सवय. तोवर आळीतल्या चार बायका पदर खोचून गोठ्यात शिरल्या होत्या. त्यांनी आधी नारळाच्या सोडणाने सुटा रंग घासून काढला, मग घंगाळभर आमसुलाचे पाणी करून दिवाळीत भांडी घासतात तशी मोटर घासली. दुपारी ती खरोखरच चकाकत होती. जिथून रंग निघाला होता तिथे पत्रा चांदीसारखा दिसत होता. गंगुबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आप्पा, पुस्तकात असतं का हे?” मी नाही म्हणालो. ते खरेच होते. असले कुठल्याच पुस्तकात नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याचे दार उघडले तेव्हा क्षणभर मला वाटले की रात्रीतून कुणी मोटर बदलून नेली. समुद्रावरचा खारा वारा रात्रभर आत खेळला होता. काल चांदीसारखी असलेली मोटर आज नखशिखांत भगवी झाली होती. तिने संन्यास घेतला असावा, असे सखाराम म्हणाले, आणि आठवडाभर आळीतले लोक सकाळी फुले काढायला आले की आमच्या गोठ्यात डोकावून ‘महाराज उठले का’ म्हणून विचारीत. गंगुबाईंचे मत पडले की आमसूल जुने होते.

मग खरवडायला सुरुवात झाली. मी चाकूने, सखारामनी बोटीवरच्या पटाशीने. काळ्या रंगाखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली शेंदरी. आणि रंगांच्या मध्ये काय निघाले नाही? एका कोपऱ्यात भोक बुजवायला राळ भरली होती, दुसरीकडे रॉकेलच्या डब्याचा पत्रा खिळ्यांनी ठोकला होता, मागच्या बाजूला चुना होता. आधीच्या प्रत्येक मोटर हाकणाऱ्याने आपापल्या काळातला गंज झाकून त्यावर रंग दिला होता आणि पुढच्याच्या हवाली केला होता. सरकारी दप्तरांतही अशीच पद्धत असते, त्यामुळे मी त्यांना नावे ठेवली नाहीत.

सगळ्यात आश्चर्य निघाले ते पाय ठेवायच्या जागी. तिथे पत्रा नव्हताच. डांबर लावून कागदांचे थर एकावर एक चिकटवलेले होते, चांगले दोन बोटे जाड. मी एक थर सोलून उजेडात धरला. अक्षर ओळखीचे वाटले. खाली ‘खरी नक्कल’ असे होते आणि सही माझी होती. बहुधा वकीलसाहेबांच्या निकामी कागदांचा गठ्ठा त्यांच्या माणसाने वापरला असावा. माझी मान खाली गेली. बत्तीस वर्षांची चाकरी, आणि तिच्यावर एवढी माणसे बूट ठेवून फिरली. पण मग नीट पाहिले तर सगळ्या मोटरीत तेवढाच भाग शाबूत होता. शाई ओघळलेली नव्हती. मला, खोटे कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. राहीला दाखवले तर ती म्हणाली, “तुमचं अक्षर पहिल्यापासून टिकाऊ.”

त्याच वेळी तिने विचारले की ही मोटर नक्की कशाला आणली आहे. मी सांगितले. ती आत गेली. थोड्या वेळाने फडताळातून तिची जांभळी इरकली बाहेर काढून तिने उन्हात टाकली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर मोटर फसली असती तर माझे हसे झाले असते, एवढेच. आता ती साडी दोरीवर वाळत होती.

सखारामच्या सल्ल्याने महिपत मिस्त्रीला बोलावले. महिपत मिऱ्याच्या किनाऱ्यावर गलबते बांधतो. नारळी पौर्णिमेनंतर गलबते समुद्रात गेली की तो मोकळा असतो. त्याने मोटरीभोवती एक फेरी घातली, लाकडी हातोडीने एकदाच टकटक केले, आणि गोठ्यात तांबड्या खवल्यांचा पाऊस पडला.

“आप्पा,” तो म्हणाला, “हितं लोखान नायच. हा निस्ता रंग उबा ऱ्हायलाय.”

मी विचारले, आता काय करायचे? तो म्हणाला, लोखंड आपल्याकडे पाव्हणं, लाकूड घरचं. खालचा सांगाडा, चाके आणि इंजिन तेवढे ठेवायचे, बाकी सगळे सागवानात करायचे. पंधरवड्यापूर्वी मी एक डाग काढायला निघालो होतो. आता एक इंजिन सोडले तर मोटर म्हणावे असे माझ्याकडे काही उरणार नव्हते. पण महिपतने हो-नाही विचारले नव्हते. तो दोरीने मापे घेत होता.

माणूस मोठा कसबी, पण त्याला एकच आकार येत होता. मोटरीचा मागचा भाग जसजसा वर येऊ लागला तसतसा तो गलबताच्या पिछाडीसारखा दिसू लागला. फळ्यांच्या फटींत कापूस, राळ आणि तेल ठासून भरले. मी भीतभीत म्हटले की पाण्यात घालायची नाही आहे, तेव्हा त्याने माझ्याकडे दयेने पाहिले आणि विचारले, पाऊस तुमच्या पुस्तकात पडत नाही का? शेवटच्या दिवशी त्याने इंजिनावरच्या झाकणावर नारळ फोडला. त्याने झाकणाला पोचा आला. राहीसाठी मात्र त्याने मागे एक बैठक केली होती, कंबर टेकवायला मागे उतार, खाली काथ्याची गादी. त्यात तिला बसवून त्याने चारी बाजूंनी मोटर हलवून पाहिली. “दुखतंय काय, वैनी?” असे तो चार वेळा विचारत होता. मग माझ्या मनातले सगळे आक्षेप मी मागे घेतले.

सर्व्हिस मोटरीवर काम करणारा विठू एका रविवारी येऊन इंजिन खोलून गेला. इंजिनाला काही झाले नव्हते. ते जन्मभर तेलात बुडालेले होते, त्याला गंजाची बातमीही नव्हती. तो म्हणाला, मी हाकीन, पण आधी परवाना नवा करून आणा.

कचेरीतल्या कारकुनाने जुना दाखला पाहून सांगितले की यात मोटरीचा रंग हिरवा लिहिला आहे आणि अंग लोखंडी. तुमची मोटर लाकडी आणि बिनरंगाची. शिवाय नंबराची पितळी पट्टी कुठे आहे? मी म्हटले, ज्या पत्र्यावर पट्टी होती तो पत्राच उरला नाही. पट्टी कुठे पडली कळत नाही. त्यावर तो म्हणाला, मग ही ती मोटर नव्हे. ही दुसरी मोटर, आणि ती मोटर हरवली आहे असा अर्ज करा. हरकत इतकी निर्दोष होती की जुना कारकून म्हणून ती मला मनातून आवडली. पण चतुर्थी नऊ दिवसांवर आली होती. मी अर्ज लिहिला की सदर मोटर हरवलेली नसून तिचा बराचसा भाग नाहीसा झाला आहे. अर्जाची भाषा त्याला पसंत पडली, त्याने नमुना म्हणून एक प्रत मागून घेतली, आणि मोटर तपासणीला हजर करा म्हणून सांगितले. परवाना नसताना मोटर रस्त्यावर चालवता येत नव्हती, आणि चालवून आणल्याखेरीज परवाना मिळत नव्हता. म्हणून बैलजोडी जुंपली.

भर अकरा वाजता, कोर्ट भरायच्या वेळी, चढावरून आमची मिरवणूक निघाली. पुढे बैल, मागे मोटर, तिच्यात चाक धरून विठू, आणि बाजूने छत्रीआड तोंड लपवून मी. कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्या ओळखीचे सगळे वकील उभे होते. एकाने अदबीने हात जोडून विचारले की आप्पासाहेब, लॉंच कुठल्या बंदराला लागणार? मी छत्री आणखी खाली केली आणि एका बैलावर आपटलो.

कचेरीसमोर कारकुनाने प्रदक्षिणा घातली. म्हणाला, ही तीच मोटर आहे हे शपथेवर सांगणारा साक्षीदार हवा, जो तिला पहिल्यापासून ओळखतो. वकीलसाहेब तर वारलेले. मी हताश होऊन परत फिरणार, एवढ्यात बैलांबरोबर आलेले सखाराम पुढे झाले.

“मी ओळखतो,” ते म्हणाले. “आगबोटीतून पडावाच्या होडीत हिला उतरवली ती मीच.”

“ही तीच, हे कशावरून?” कारकून म्हणाला.

सखारामनी खाली वाकून पुढच्या आसाला एक थाप मारली आणि उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. तो चपटा होता, नख नव्हते, आणि मधोमध आडवी खोबण होती. “हितं चेचला. लावून बघा.” त्यांनी अंगठा आसाच्या कडेवर ठेवला. खोबण तंतोतंत बसली. इतकी वर्षे शेजारी राहून मी त्या अंगठ्याबद्दल कधी विचारले नव्हते, याची मला तिथेच लाज वाटली. कारकुनाने जबानी लिहून घेतली, खाली सही मागितली. सखारामना सही येत नाही. म्हणून पुरावा म्हणून जो अंगठा दाखवला, त्याचाच ठसा घेतला. असा सर्वांगपूर्ण दस्तऐवज मी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता.

परवाना हाती आला, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. राही जांभळ्या इरकलीत मागे बसली होती, मांडीवर अक्कांसाठी केलेल्या लाडवांचा डबा. मी पुढे विठूशेजारी. निवळीच्या पुढे चाकावरचा एक उरलासुरला पत्रा पडला, जाकादेवीला दुसरा. दर वेळी मी उतरून तो उचलून आणी. वाटेत मी सारखे मागे वळून विचारत होतो, कंबर कशी आहे? शेवटी ती म्हणाली, “कंबर बरी आहे. तुमची मान दुखेल.”

गणपतीपुळ्याच्या उतारावर समुद्र दिसला तेव्हा तिने पदर सारखा केला. अक्कांचे अंगण आले. मोटर आत वळली, आणि खालून काठी मोडावी तसा आवाज आला. पुढची चाके वळवणारा दांडा मधोमध तुटला होता. त्या एका दांड्याला मी हात लावला नव्हता, कारण त्याच्यावर डाग नव्हता. आतून तो पापडासारखा झालेला होता. एक चाक देवळाकडे तोंड करून, दुसरे समुद्राकडे, अशी मोटर तुळशीवृंदावनापाशी थांबली. ना पुढे जाईल, ना बैलांनी ओढता येईल.

पण तेव्हा मला हे काही दिसत नव्हते. अक्का पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. राही हळूहळू उतरली, चार पावले चालली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. अक्कांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी.

“म्हातारी झालीस गो,” त्या म्हणाल्या.

“तुला काय दिसतंय?” राही म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या, आणि मग हसत नव्हत्या. विठू आणि मी तुटलेला दांडा बघत बसलो.

विठूबरोबर महिपतला निरोप गेला. तो यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत दोघी बहिणी दुपारी मोटरीत जाऊन बसत. अक्कांच्या पाठीलाही महिपतची बैठक मानवली. तिथे बसून त्या सुपाऱ्या कातरत, मेलेल्या माणसांच्या चौकश्या करत, मध्येच भांडत. मी पडवीत वाचत असे. हातातले पान उलटायचे माझ्या लक्षात राहत नसे.

अकराव्या दिवशी महिपत विठूला घेऊन होडीतून आला, लोहाराकडून करून घेतलेला नवा दांडा खांद्यावर घेऊन. जेवणाआधीच त्याने तो बसवला. चाके सरळ झाली. उद्या सकाळी निघायला हरकत नाही, असे मी मोठ्याने म्हणालो. राही लाडवाचा रिकामा डबा पुसायला लागली. अक्कांनी महिपतला वाढताना सोलकढी ताटाबाहेर सांडली, आणि ती नजर गेल्यामुळे सांडली असे मला वाटत नाही.

जेवून महिपत पुन्हा मोटरीखाली शिरला. बराच वेळ ठोकाठोक चालली होती. मग तो बाहेर आला, हात पुसले, पडवीकडे पाहिले आणि मला म्हणाला, “आप्पा, मागल्या आसाला आतून गंज हाय. वरून दिसायचा नाय. शिमग्यापर्यंत तरी हलवू नये.”

मागचा आस मी आदल्याच दिवशी पाहिला होता. तीन महिन्यांनी एवढे शहाणपण आले होते की आता मी काहीही न खरवडता सोडत नसे. चाकूने चांगला वीतभर घासला होता. लोखंड स्वच्छ होते, नव्या सुरीसारखे.

पडवीत दोघीजणी माझ्या तोंडाकडे कान लावून बसल्या होत्या.

“हो,” मी म्हणालो, “मीही पाहिला. बराच आहे.”